कंकणाची काच आणि तिची साक्ष

आपल्या कासार ज्ञातीच्या व्यवसायाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात कालिकामातेच्या कृपेचे आणि सहस्रार्जुनाच्या वंशाचे वर्णन विपुल आढळते. श्रद्धेच्या ठिकाणी ते योग्यच आहे. परंतु याच लेखनात अलीकडे असेही विधान वारंवार येऊ लागले आहे की, काचेची बांगडी ही मूळची आपल्याच पूर्वजांची निर्मिती असून इतर सर्वांनी ती विद्या आपल्यापासून उचलली. हे विधान तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. ते तपासण्याचे साधनही आज उपलब्ध आहे, आणि ते कोणत्याही पोथीत नसून जुन्या गावांच्या पांढरीत, पहिला पाऊस पडून गेल्यावर मातीतून वर येणाऱ्या फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांत आहे.

सोने वितळवून पुन्हा घडविता येते, तांबे-पितळ मोडीत जाते, लाख जळते, शंख झिजतो. काच मात्र फुटली की तिला मोल उरत नाही, म्हणून ती उकिरड्यावर जाते आणि तेथेच शेकडो वर्षे जशीच्या तशी पडून राहते. आपल्या घरांत बांगडी फुटली असे न म्हणता ती 'वाढवली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. संशोधकाच्या दृष्टीने तर ती खरोखरच वाढते, कारण जी बांगडी अभंग राहिली ती बहुधा हरवली, आणि जी फुटली तिने इतिहास राखला.

महाराष्ट्रात या तुकड्यांकडे प्रथम गंभीरपणे पाहिले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी. १९४५-४६ मध्ये कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाच्या टेकाडाचे उत्खनन झाले. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी त्याचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध केला. ब्रह्मपुरीचे नाव निघाले की लोकांना तेथे मिळालेली पाश्चात्य घडणीची कांस्यमूर्ती आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वरच्या थरांत होती. बहमनी काळाच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल सापडले, आणि त्यांत एकरंगी बांगड्यांबरोबर बहुरंगी बांगड्याही होत्या. गडद रंगाच्या गाभ्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा पापुद्रा, त्यावर पिवळे-तांबडे ठिपके, कोठे दोन रंगांच्या धाग्यांचा पीळ, अशी ती कारागिरी आहे. पुढे १९५४ ते १९५६ या काळात नेवाशास उत्खनन झाले, तेव्हा तेथेही अखेरच्या, म्हणजे मुसलमानी-मराठा काळाच्या थरात काचेच्या बांगड्यांची रेलचेल दिसून आली. डॉ. दीक्षित यांनी हा विषय आयुष्यभर धरून ठेवला. भारतीय काचेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक वाचनालयात तो असावयास हवा होता, तो क्वचितच दिसतो.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. काच महाराष्ट्रात सातवाहनांच्या काळापासून माहीत होती, परंतु ती मुख्यतः मण्यांच्या रूपाने. सर्वसामान्य स्त्रीच्या हातात काचेची बांगडी सर्रास आणि अनेक रंगांत दिसू लागली, ती मध्ययुगात, त्यातही १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाल्यानंतरच्या काळात. ज्या हिरव्या चुड्याशिवाय आपल्याकडे लग्नविधी पुरा होत नाही, त्याची भरभराट अशा काळात झाली की ज्या काळाला आपले काही लेखक केवळ अंधारयुग म्हणून मोकळे होतात. हे वाचून कोणास वाईट वाटण्याचे कारण नाही. कारागिरी राजाचा धर्म विचारीत नाही.

आता या बांगड्या घडवीत कशा, हे पाहू. आपणांपैकी अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरीत आले, पण भट्टी पाहिलेले थोडेच असतील. हल्ली फिरोजाबादेहून येणारी बांगडी अशी होते : वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर स्प्रिंगप्रमाणे गुंडाळतात, ते वेटोळे कापून सुटी कडी करतात, मग प्रत्येक कड्याची टोके ज्योतीवर सरळ करून जोडतात. बांगडीवरून नखाचे टोक हळूच फिरविले तर तो जोड हाताला लागतो. भगिनींनी हा प्रयोग घरीच करून पाहावा.

मध्ययुगातील कित्येक बांगड्यांना मात्र हा जोड नाही. त्यांची रीत निराळी होती, आणि ती गेल्या शतकापर्यंत आपल्या देशात काही ठिकाणी चालू होती. मातीची घुमटाकार भट्टी, तिच्यात काचेच्या कुंड्या, आणि भोवताली अनेक तोंडे. प्रत्येक तोंडाशी एक कारागीर बसे. तो लोखंडी सळईच्या टोकावर काचेचा गोळा घेई, तो ठोकून चपटा करी, मध्ये टोकदार सळईने भोक पाडी, आणि ती सळई गरगर फिरवून भोक मोठे करी. फिरण्याच्या वेगाने ते भोक रुंदावत जाऊन त्याचे कडे होई. मग ते मातीच्या निमुळत्या शंकूवर चढवून, पुन्हा तापवून आणि फिरवून, हव्या त्या मापाचे करीत. शंकू जसजसा खाली रुंद होत जाई, तसतसे माप वाढे. आपण आज सव्वादोन, अडीच अशी मापे बोलतो, त्या मापांचे मूळ अशा शंकूच्या चढउतारात असावे असे मला वाटते. या साऱ्या क्रियेला काही क्षणच मिळत, कारण काच थंड झाली की हट्टी होते. रंगीत ठिपके आणि पीळ याच वेळी चढवावे लागत.

तुकडा हाती घेऊन ही रीत ओळखता येते. काचेत नेहमीच सूक्ष्म बुडबुडे राहतात, आणि काच जिकडे ओढली जाते तिकडे ते लांबट होतात. मणी जर काचेची लांब नळी ओढून, ती तोडून केलेला असेल, तर बुडबुडे भोकाला समांतर असतात. तोच जर सळईवर काच गुंडाळून केलेला असेल, तर ते भोकाभोवती वळसा घालतात. मंगळसूत्राचे काळे मणी भिंगाखाली धरल्यास हा भेद कोणासही दिसेल. नळी ओढून मणी करण्याची जुनी विद्या आंध्र प्रदेशात पापानायडूपेट या गावी आपल्या काळापर्यंत टिकून राहिली. पुरातत्त्वज्ञांनी तेथे जाऊन ती नोंदवून ठेवली आहे.

आकारावरून रीत कळते, परंतु काच कोठली हे आकार सांगत नाही. कोल्हापुरात सापडलेली बांगडी कोल्हापुरातच झाली असे धरून चालणे बरोबर नव्हे. बांगडी प्रवास करते, आणि तिच्याहून अधिक प्रवास काचेचे ढेकूळ करते. एका गावी काच वितळवावी आणि तिची ढेकळे शंभर कोसांवरील भट्टीत नेऊन तेथे बांगड्या ओढाव्या, असा व्यवहार पूर्वी सर्रास होता. हा गुंता सोडविण्यास रसायनशास्त्र उपयोगी पडले.

शाळेत आपण शिकलो की काच म्हणजे वाळू, खार आणि चुना. शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि लाकडाच्या भट्टीत ती मिळणे शक्य नाही. सोड्याचा खार मिसळला की हजार-अकराशे अंशांच्या आसपास काम भागते. हा खार दोन प्रकारांनी मिळे. एक, वाळवंटातील वा किनाऱ्यावरील खारी झुडपे जाळून त्यांच्या राखेतून, आणि दुसरा, जमिनीवर किंवा तळ्याकाठी फुलून येणाऱ्या पापुद्र्यातून. उत्तरेत अशा मातीस रेह म्हणतात, आपले शेतकरी चोपण म्हणतात. राखेच्या काचेत मॅग्नेशिया अधिक येतो, बहुधा शेकडा दीडहून जास्त. खनिज खाराच्या काचेत तो त्याहून कमी असतो. इराण-इराककडील मध्ययुगीन काच प्रायः राखेची, आणि भारतातील जुनी काच पुष्कळशी खनिज खाराची. शिवाय आपल्याकडील काचेत आणखी एक खूण आहे. रोमन काचेत ॲल्युमिना शेकडा दोन-तीन असतो, तर भारतीय काचेत तो पाचाच्या वर, कित्येकदा दहापर्यंत जातो. आपले कारागीर धुतलेली शुद्ध वाळू न घेता ग्रॅनाइटाच्या झिजेतून झालेली फेल्डस्पारयुक्त रेती वापरीत, हे त्याचे कारण. याचा एक लाभ त्यांना कळत असो वा नसो, झालाच. ॲल्युमिना अधिक असल्याने काच पाण्याला दाद देत नाही. युरोपात त्याच शतकांत लाकडाच्या राखेपासून केलेली पोटॅशची काच चर्चच्या खिडक्यांतही सडली, आणि आमच्या बांगड्यांचे तुकडे कोकणच्या पावसात, मातीत पडूनही चकाकत राहिले.

पूर्वी अशी परीक्षा करावयाची तर तुकड्याचा अंश कुटून आम्लात विरघळवावा लागे. आता लेसर किरणाने डोळ्यास दिसणारही नाही इतका कण उडवितात, तो आर्गॉन वायूच्या अतितप्त झोतातून मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात नेतात, आणि ते यंत्र पन्नासाहून अधिक मूलद्रव्ये, दशलक्षांत एक भाग असली तरी, मोजून देते. मणी होता तसाच परत मिळतो.

या रीतीने तपासलेल्या काचेत आपल्या अगदी शेजारचे एक गाव आज जगभर नावाजले आहे. ते म्हणजे अलिबाग तालुक्यातील चौल. नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. ग्रीक नाविकांनी त्यास सेमिल्ला म्हटले, अरबांनी सैमूर. अरब प्रवासी अल् मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता, आणि गावात परदेशी व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती. रशियाचा निकितिन १४६९ च्या सुमारास येथेच उतरला. पोर्तुगीज, निजामशाही, मराठे असे धनी बदलत १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. आपल्या बोरिवलीजवळ एकसर येथे ज्या वीरगळांवर गलबतांच्या लढाया कोरल्या आहेत, ते वीरगळ याच सागरी व्यापाराच्या जगातले आहेत.

या शतकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी चौलची पाहणी केली. तेथील काचेचे मणी फ्रेंच, अमेरिकन आणि आफ्रिकी अभ्यासकांच्या साह्याने लेसरच्या रीतीने तपासले गेले, आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसून आले की चौलची काच सोडा-ॲल्युमिना जातीची आहे, परंतु दक्षिण भारत व सिंहलद्वीप यांच्या जुन्या काचेहून वेगळी. दक्षिणेच्या काचेत बेरियम अधिक आणि युरेनियम कमी, चौलच्या काचेत नेमके उलट. आणि चौलसारखीच काच सापडली कोठे? समुद्रापलीकडे, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. पुढे दक्षिण आफ्रिकेतील मध्ययुगाच्या अखेरच्या मण्यांच्या एका मोठ्या गटाशीही तिचे साम्य दिसून आले. कोकणातून निघालेली गलबते कापडाबरोबर मणी घेऊन जात आणि हस्तिदंत व सोने घेऊन येत, असे आपण इतिहासात वाचतो. त्या वाक्याला ही मोजमापाची साक्ष मिळाली.

युरेनियमचा उल्लेख वाचून कोणी दचकू नये. तो अत्यल्प आहे, आणि त्याचे महत्त्व खुणेपुरते आहे. पण ही खूण बोलकी आहे. युरेनियम ग्रॅनाइटी खडकाबरोबर येते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ते जवळजवळ नाही. चौलच्या मागचा सारा घाट काळ्या पाषाणाचा. तेव्हा या मण्यांची वाळू घाटाखालच्या ओढ्यांतील नव्हे, कच्ची काच दुरून आली, हा तर्क मला अपरिहार्य वाटतो. खाराचे मात्र तसे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचा खार प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांचे थर तेथे गोळा करीत. अकबराच्या वेळच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात लोणारच्या डोंगरात काच व साबण यांना लागणारे सर्व पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. सोळाव्या शतकात दख्खनमध्ये काचेचा धंदा चालत होता यास याहून चांगला कागदी पुरावा कोणता हवा? जाता जाता एक सांगतो. कणकवली तालुक्यात कासार्डे म्हणून गाव आहे आणि तेथे काचेस उपयुक्त सिलिका वाळूच्या खाणी आहेत. नावावरून कोणी मोठा सिद्धांत उभारू नये. ती वाळू फार शुद्ध आहे, तिच्यातून ॲल्युमिनाची काच निघत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काच करणारे आपले पूर्वज होते काय? आपले नावच उत्तर देते. कासार म्हणजे कांस्यकार, कांशाचे काम करणारा. काचेचा कारागीर तो काचारी. मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरांत पुणे जिल्ह्याच्या वर्णनात कासार आणि काचारी अशा दोन स्वतंत्र जाती दिल्या आहेत. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जातींवर ग्रंथ लिहिला, त्यातही कासार वेगळा आणि कचेरा वेगळा. त्याखेरीज मुसलमान मणियार हे बांगड्यांच्या व्यवसायात होते आणि आहेत. म्हणजे भट्टीजवळ बसणारा एक, गावोगाव चुडा पोचविणारे दुसरे. काचाऱ्यांचे श्रेय आपण आपल्या नावावर लिहून घ्यावे हे मला उचित वाटत नाही. ती माणसे तापलेल्या भट्टीसमोर बसून डोळे आणि छाती खर्ची घालीत होती, आणि त्यांची जात पुढे विलायती मालाने बुडाली. ऑस्ट्रियाची बांगडी आली, पहिल्या महायुद्धात तिची जागा जपानी बांगडीने घेतली. स्वदेशीच्या काळात तळेगावी पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, ओगलेवाडीचा १९१६ मध्ये, पण तोवर गावच्या भट्ट्या थंड होत आल्या होत्या.

तथापि काचेशी आपला संबंध केवळ विक्रीचा होता असेही म्हणवत नाही, आणि येथे पुन्हा रसायनाची साक्ष काढावी लागते. काचेला रंग कशाने येतो? निळसर-हिरवा तांब्याने. तेच तांबे धूर कोंडलेल्या भट्टीत तांबडा रंग देते. अपारदर्शक पिवळा शिसे आणि कथील यांच्या संयोगाने, पांढरा कथिलाने. हिरव्या चुड्याचा तो दाट, दुधाळ हिरवा रंग पुष्कळदा तांब्याच्या निळ्यात शिसे-कथिलाचा पिवळा मिसळून साधलेला असतो. तांबे आणि कथील, हे तर कांशाचे घटक! काचेत तांब्याबरोबर कथिलाचाही अंश आढळला, तर रंगासाठी कांशाचा कीस किंवा भट्टीतील खपली वापरली असावी, असा तर्क अभ्यासक जगभर करतात. तो कीस काचारी कोठून आणीत असेल? गावात कांशाची भट्टी असे ती कासाराची. काचाऱ्याला रंग पुरवावा आणि त्याची बांगडी आपल्या कांशा-पितळेच्या कड्यांबरोबर बाजारात न्यावी, असा हा व्यवहार जुळत गेला असावा, आणि पुढे धातूचे कडे मागे पडून काचच पुढे आली असावी. हा माझा तर्क आहे, पण तो तपासता येण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील हिरव्या बांगड्यांचे तुकडे घेऊन त्यांतील कथील मोजले की पुरे. चौलचे मणी तपासले गेले, कोल्हापूर-नेवाशाच्या बांगड्यांचे आकार-रंग नोंदले गेले. रंगातील कथिलाचा हा प्रश्न घेऊन मात्र आपल्याच ज्ञातीतील एखाद्या रसायनाच्या पदवीधराने पुढे यावयास हवे. अंधेरी-मुलुंडच्या महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले-मुली आज थोडी नाहीत.

तोपर्यंत आपल्या कुटुंबांनी एक गोष्ट करावी. घाटकोपर, बोरिवली, मुलुंड येथील सभासदांची मूळ गावे देशावर आणि कोकणात आहेत, आणि तेथील जुनी दुकाने व वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. माळ्यावर जुन्या बांगड्यांचे जुडगे, मण्यांची पोत, काचेचे ढेकूळ, मातीचा शंकू, मापाच्या पट्ट्या असे काही आढळल्यास ते भंगारात देऊ नये. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर गाव, घर, कोणत्या पिढीत आली हे शाईने लिहावे. गावच्या पांढरीच्या टेकाडावर मात्र कोणी खणू नये. खणणे गुन्हा आहे हे तर झालेच, पण थरातून उपटलेला तुकडा मुका होतो. तेथे जेसीबी चाललेला दिसला तर जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्यास वा डेक्कन कॉलेजास एक पत्र टाकावे. पत्रात टेकाडाचा गट क्रमांक आणि शेजारच्या देवळाचे नाव द्यावे, म्हणजे त्यांना जागा शोधावी लागणार नाही.